फुफ्फुसांचा विकार असलेल्यांसाठी सुरक्षित ह्युमिडिफायर कसा निवडावा

ह्युमिडिफायर खोलीतल्या हवेत पाणी मिसळतो, एवढेच त्याचे काम. मात्र टाकीतले पाणी कधीच नुसते पाणी नसते. त्यात विरघळलेले क्षार असतात, ते साचून राहिले की त्यात जंतू वाढू लागतात, आणि यंत्राचा प्रकार चुकीचा असेल तर हे सगळे पाण्याबरोबर हवेत आणि हवेतून श्वासात जाते. निरोगी फुफ्फुसे यातले बरेच काही निभावून नेतात. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा जुनाट आजार), ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचण्याचा आजार) किंवा फुफ्फुसांचा फायब्रोसिस (फुफ्फुसे व्रणांमुळे कडक होणे) असलेल्या माणसाजवळ तेवढी शिल्लक ताकद नसते. म्हणून अशा घरासाठी यंत्र निवडताना ते किती शांत चालते किंवा किती देखणे आहे हे पाहण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. यंत्रातून वाफेखेरीज आणखी काय बाहेर पडते? आणि त्याच्या आतला प्रत्येक कोपरा आपल्याला हाताने घासता येईल का?

आधी हवा मोजावी

घसा कोरडा पडतो, सकाळी नाकात खपल्या धरतात, खोकला कोरडा येतो, एवढ्यावरून खोलीतली हवा कोरडी आहे असे ठरवू नये. तोंडाने श्वास घेण्याची सवय, काही औषधे, इनहेलर घेतल्यानंतर गुळणी न करणे, यांमुळेही हेच त्रास होतात, आणि मग हवा मुळात पुरेशी दमट असताना तिच्यात आणखी पाणी ओतले जाते. यंत्र घेण्यापूर्वी एक साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा आणि रुग्ण झोपतो त्या खोलीत किमान आठवडाभर, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, आकडे लिहून ठेवावेत.

घरातील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाची टक्केवारी, साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असणे योग्य मानले जाते. ५० टक्क्यांच्या वर गादी-उशांत राहणाऱ्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना, म्हणजे डस्ट माइट्सना, पोषक वातावरण मिळू लागते आणि ६० टक्क्यांच्या वर भिंती, पडदे व कपाटांच्या मागे बुरशी धरण्याचा धोका वाढतो. दम्याच्या अनेक रुग्णांना नेमकी याच दोन गोष्टींची ॲलर्जी असते. त्यामुळे अशा घरात मी ४० ते ४५ टक्के हेच लक्ष्य धरावे असे सुचवेन. ५० हा आकडा गाठायचा नसून तो ओलांडायचा नाही, असे समजावे. मापकात जर सातत्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिसत असेल, तर ह्युमिडिफायर घेण्याचे कारण बहुधा उरत नाही.

स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणून त्याची परीक्षा करून घ्यावी आणि ती घरीच करता येते. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ भरून त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. मीठ ओल्या वाळूसारखे झाले पाहिजे, विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मापक एका पारदर्शक, घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा दहा-बारा तास एका जागी राहू द्यावा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८० दाखवत असेल तर तो ५ ने जास्त दाखवतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे.

हवा कोरडी का होते हेही समजून घेणे उपयोगाचे आहे. शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५ ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम. बाहेरची थंड हवा घरात येऊन तापली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे हीटर दोन अंशांनी कमी केला तरी कोरडेपणा काहीसा घटतो, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वातानुकूलन यंत्र हवेतले बाष्प थंड नळ्यांवर दवासारखे द्रवरूप करून काढून घेते. तेथेही तापमान थोडे वाढवून पाहावे.

डॉक्टरांना आधी कोणी विचारावे

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस झालेल्या माणसाने डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय घरात कोणताही ह्युमिडिफायर ठेवू नये, कारण हा आजार श्वासातून गेलेल्या बुरशी-जंतूंच्या कणांमुळे होतो आणि अस्वच्छ ह्युमिडिफायर हे त्याचे एक ओळखीचे कारण आहे. त्यातल्या एका प्रकाराला ‘ह्युमिडिफायर लंग’ असेच नाव पडले आहे. सिस्टिक फायब्रोसिस (कफ अतिशय घट्ट होण्याचा आनुवंशिक आजार) आणि ब्रॉन्किएक्टॅसिसच्या रुग्णांनीही विचारूनच पुढे जावे. स्यूडोमोनाससारखे जिवाणू आणि क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले, पाण्यात राहणारे इतर मायकोबॅक्टेरिया ओलसर यंत्रांत तग धरतात आणि या रुग्णांच्या श्वासनलिकांत एकदा शिरले की सहज हटत नाहीत. अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे रुग्ण याच गटात येतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरी ऑक्सिजन घेणाऱ्यांचे नाक नळीमुळे कोरडे पडते, म्हणून खोलीत ह्युमिडिफायर लावला जातो. पण नळीतून येणारा कोरडा प्रवाह खोलीच्या हवेने ओला होत नाही. त्यासाठी ऑक्सिजनच्या यंत्राला जोडण्याची पाण्याची वेगळी बाटली असते, आणि ती लावायची की नाही हे उपचार करणाऱ्यांनी ठरवायचे असते. तसेच नेब्युलायझर हे औषध फुफ्फुसांत पोहोचवणारे उपकरण आहे. ह्युमिडिफायर त्याची जागा घेऊ शकत नाही आणि त्यात औषध घालणे धोक्याचे आहे.

चार प्रकार आणि त्यांतून बाहेर पडणारे पदार्थ

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो अल्ट्रासॉनिक प्रकार. त्यातली छोटी चकती सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा कंप पावते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म तुषार उडवते. डोळ्यांना दिसणारे ते धुके म्हणजे वाफ नव्हे, तर द्रवरूप पाण्याचे काही मायक्रॉन आकाराचे थेंब असतात. पाण्यात विरघळलेले सर्व काही त्या थेंबांत जसेच्या तसे असते. थेंबातले पाणी हवेत उडून गेले की मागे उरतो तो क्षारांचा कण, आणि तो इतका बारीक असतो की फुफ्फुसांच्या अगदी खोलवर पोहोचतो. फर्निचरवर बसणारी पांढरी भुकटी हा त्याचा दृश्य भाग; श्वासात जाणारा भाग दिसत नाही. एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार असलेले जड पाणी घेतले आणि रात्रभरात २ लिटर उडाले, तर ६०० मिलिग्रॅम क्षार खोलीत फेकले जातात. त्यातले बरेचसे खाली बसतात किंवा खिडकीवाटे बाहेर जातात हे खरे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांसाठी सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला अवघी १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि एका मिलिग्रॅममध्ये असे हजार मायक्रोग्रॅम असतात, हे लक्षात घेतले की प्रमाण कळते. ज्यांच्या घरी हवेतील कण मोजणारा मापक किंवा तसा मापक असलेला एअर प्युरिफायर आहे, त्यांना नळाचे पाणी भरलेला अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर चालू करताच आकडे चढताना स्वतःच पाहता येतील.

वेगाने फिरणाऱ्या चकतीने पाणी फोडून तुषार करणारा इंपेलर प्रकार याच जातीचा आहे. त्याच्या तक्रारीही त्याच.

तिसरा प्रकार बाष्पीभवनाचा. यात कागदी किंवा कापडी वात पाणी शोषून घेते आणि पंखा तिच्यातून हवा खेळवतो. दोरीवरचे ओले कपडे वाऱ्याने वाळतात, तसेच हे घडते. पाणी वायुरूप होऊन निघते, त्यामुळे क्षार वातीवरच राहतात आणि जंतूही हवेत फारच कमी जातात. यात आणखी एक गुण आहे, ज्याचा उल्लेख जाहिरातींत क्वचित होतो: हवा दमट होत गेली की ओल्या वातीवरून पाणी उडण्याचा वेग आपोआप मंदावतो, म्हणून नियंत्रक बिघडला तरी हे यंत्र खोली सहसा ओलीचिंब करत नाही. दोष म्हणजे वात सतत ओली असते, तिच्यावर क्षार आणि वेळेत न बदलल्यास बुरशी साचते, आणि तिचा नियमित खर्च आहे. शिवाय पाणी वायुरूप होण्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून घेतली जाते, त्यामुळे खोली थोडी गार वाटते. गार हवेने ज्यांना खोकल्याची उबळ येते त्यांनी पंख्याचा झोत स्वतःकडे येऊ देऊ नये.

चौथा प्रकार पाणी उकळून वाफ सोडणारा. उकळीत जंतू मरतात, क्षार भांड्याच्या तळाशी राहतात, म्हणून बाहेर पडणाऱ्या हवेचा विचार केला तर तो सर्वांत स्वच्छ ठरतो. मात्र वाफ आणि आतले उकळते पाणी भाजू शकते. लहान मूल, तोल जाणारी वृद्ध व्यक्ती किंवा रात्री ऑक्सिजनची लांब नळी सांभाळत उठणारा रुग्ण घरात असेल तर हा धोका खरा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, आणि तळाचा क्षारांचा थर वारंवार काढावा लागतो.

माझा कौल स्पष्ट आहे. फुफ्फुसांचा विकार असलेल्याच्या शयनगृहासाठी पहिली पसंती बाष्पीभवनाच्या यंत्राला द्यावी. घरात लहान मुले नसतील आणि यंत्र कोणाच्या पायात येणार नाही अशी भक्कम जागा असेल, तर उकळणारे यंत्रही तितकेच चांगले. अल्ट्रासॉनिक यंत्र आधीच घरात असेल तर ते केवळ डिस्टिल्ड पाण्यावर आणि काटेकोर स्वच्छतेत चालवावे. एवढे पाळणे शक्य नसेल तर ते बंद ठेवलेले बरे.

पाणी कोणते

डिस्टिल्ड पाण्यात क्षार नगण्य असतात, त्यामुळे तुषार उडवणाऱ्या यंत्रांसाठी तेच योग्य. आरओचे पाणी क्षार बरेच कमी करते, पण ते निर्जंतुक असतेच असे नाही. घरी उकळून गार केलेले पाणी सुरक्षित समजण्याची चूक फार जण करतात. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षारांपैकी बहुतेक पाण्यातच राहतात, आणि काही पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्यात त्यांचे प्रमाण उलट वाढूही शकते. बाटलीबंद ‘मिनरल वॉटर’ तर नावाप्रमाणेच क्षारयुक्त असते. बाष्पीभवनाच्या यंत्राला पिण्याजोगे नळाचे पाणी चालते, वात मात्र लवकर कडक होते. उकळणाऱ्या काही यंत्रांत पाण्यातल्या क्षारांमुळेच वीज वाहते, त्यांना डिस्टिल्ड पाणी चालत नाही, म्हणून माहितीपुस्तिका वाचूनच ठरवावे.

डिस्टिल्ड पाणी वापरले म्हणजे जंतूंची चिंता मिटली, असेही नाही. २००८ च्या डिसेंबरात सायप्रसमधील एका खासगी रुग्णालयात नवजात बालकांना लिजिओनेला या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूचा संसर्ग झाला आणि त्याचा माग थंड तुषार सोडणाऱ्या, नळाचे पाणी भरलेल्या ह्युमिडिफायरपर्यंत पोहोचला. लिजिओनेला कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतो. न धुतलेल्या टाकीतील बुळबुळीत थर हे जंतूंचे घर असते, मग वरून ओतलेले पाणी कितीही शुद्ध असो.

पाण्यात काय घालावे, याचे उत्तर एका शब्दात देता येते: काहीही नाही. निलगिरी, पुदिना, कापूर किंवा कोणतेही सुगंधी तेल श्वासनलिका आकुंचित करू शकते आणि टाकीच्या प्लास्टिकलाही चिरा पाडते. टाकीत टाकायचे जंतुनाशक याहून कितीतरी भयंकर ठरू शकते. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायची जंतुनाशके घरोघरी विकली जात होती. २०११ च्या वसंतात सेऊलमधील एका रुग्णालयात फुफ्फुसांना झपाट्याने इजा झालेल्या तरुण स्त्रिया, त्यांत गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या अनेक जणी, एकामागून एक दाखल झाल्या, तेव्हा कारणाचा शोध सुरू झाला आणि तो या द्रव्यांपर्यंत, विशेषतः पीएचएमजी नावाच्या रसायनापर्यंत पोहोचला. विक्री त्याच वर्षी थांबवण्यात आली. तोवर शेकडो माणसे, त्यांत लहान मुलेही, दगावली होती. ती माणसे निष्काळजी नव्हती. यंत्र स्वच्छ राहावे म्हणूनच त्यांनी ते द्रव्य घातले होते. त्वचेवर किंवा फरशीवर चालणारे रसायन तुषारांतून फुफ्फुसात गेले की पूर्णपणे वेगळे वागते, हे या घटनेने दाखवून दिले, आणि प्रत्येक रुग्णाच्या घरी ही गोष्ट ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

आकार ठरवताना

मोठी टाकी म्हणजे सोय, असा समज असतो. हिशेब करून पाहिला तर तो टिकत नाही. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. २० अंशांवर तिची आर्द्रता २५ वरून ४५ टक्क्यांवर नेण्यासाठी सुमारे १२५ मिलिलिटर पाणी पुरते. दर तासाला खोलीतली अर्धी हवा बदलते असे धरले, तर ती पातळी टिकवण्यासाठी तासाला ६०-६५ मिलिलिटर पाणी लागते. भिंती, गाद्या आणि कपडे सुरुवातीला काही पाणी शोषून घेतात, दारे उघडझाप होतात, म्हणून दुप्पट क्षमता धरली तरी ताशी १२० ते १५० मिलिलिटरचे यंत्र पुरेसे होते. ताशी ३०० मिलिलिटर सोडणारे यंत्र अशा बंद खोलीत रात्रभर चालले तर पहाटेपर्यंत खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळताना दिसेल. ‘एकदा भरा, तीन दिवस चालवा’ अशा टाकीपासून दूर राहावे, कारण पाणी रोज ओतून टाकायचे असल्याने त्या सोयीला अर्थच उरत नाही.

दुकानात यंत्र हातात घेऊन टाकीचे झाकण उघडावे आणि आत मूठ शिरते का ते पाहावे. तोंड अरुंद असेल, आत वळणावळणाच्या नळ्या असतील किंवा तळाचा भाग सुटा होत नसेल, तर ते यंत्र कितीही नावाजलेले असले तरी घेऊ नये. मी हीच सर्वांत महत्त्वाची कसोटी मानतो. वात किंवा गाळणी सहज मिळते का, पाणी संपल्यावर यंत्र आपोआप बंद होते का, आणि ठरवलेल्या आर्द्रतेला थांबणारा नियंत्रक आहे का, हे त्यानंतर पाहावे. हा नियंत्रक यंत्राच्या अगदी जवळची हवा मोजतो, म्हणून वेगळा मापक पलंगाजवळ ठेवावाच लागतो. आयन किंवा ओझोन सोडण्याची सोय असलेले यंत्र नाकारावे. ओझोन श्वासनलिकांना थेट इजा करतो. ‘जंतुरोधक’ किंवा चांदीयुक्त टाकी आणि अतिनील दिवा यांच्यासाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही, कारण त्यांमुळे घासण्याचे काम टळत नाही.

रोजची निगा

रोज सकाळी उरलेले पाणी ओतून टाकावे, टाकी धुवावी, स्वच्छ फडक्याने पुसून उघडी वाळत ठेवावी आणि रात्री ताजे पाणी भरावे. दर तिसऱ्या दिवशी सर्व भाग सुटे करून ब्रशने घासावेत. क्षारांसाठी पांढरे व्हिनेगर अर्धा तास भरून ठेवणे पुरते. जंतूंसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा माहितीपुस्तिकेत सांगितलेले द्रव्य वापरावे, आणि वास पूर्णपणे जाईपर्यंत टाकी अनेकदा खळबळून धुवावी. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे काम रुग्णाने स्वतः न करता घरातील दुसऱ्या कोणी, खिडकी उघडी ठेवून, दुसऱ्या खोलीत करावे. वात उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. तिला कुबट वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर मुदतीची वाट पाहू नये. या नित्यक्रमासाठी घरात कोणाजवळही वेळ नसेल, तर यंत्र न घेणे हाच अधिक सुरक्षित निर्णय आहे.

यंत्र पलंगापासून दीड-दोन मीटरवर, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच अशा सपाट जागी, भिंत व पडद्यापासून दूर ठेवावे. झोत चेहऱ्याकडे नसावा. काचांवर दव, भिंतीवर ओल किंवा गादीत दमटपणा जाणवला तर यंत्र त्याच दिवशी थांबवावे, मापक काहीही सांगो.

सर्वांत अधिक लक्ष रुग्णाकडे हवे. यंत्र वापरल्यानंतर चार ते आठ तासांत ताप, थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला किंवा धाप सुरू होत असेल आणि घराबाहेर दोन दिवस राहिल्यावर बरे वाटत असेल, तर हा फ्लू आहे असे समजून बसू नये. यंत्र बंद करून डॉक्टरांकडे जावे, आणि घरात ह्युमिडिफायर आहे, तो कोणत्या प्रकारचा आहे, त्यात कोणते पाणी भरले जाते हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. त्रास हळूहळू वाढणाराही असू शकतो: आराम देणाऱ्या इनहेलरची गरज आठवड्यागणिक वाढणे, कफाचा रंग बदलणे, जिने चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे.

कोरडे दिवस संपले की यंत्र धुऊन, प्रत्येक भाग दोन दिवस पूर्ण वाळवून आणि वापरलेली वात टाकून देऊन मगच खोक्यात ठेवावे. पुढच्या वेळी बाहेर काढल्यावर पुन्हा धुवावे, नवी वात बसवावी आणि पहिला तासभर ते रुग्ण नसलेल्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून चालवून पाहावे.